तिच्या मरणाची नोंद

कापसाची वेचणी, सोयाबीनची खुरपणी, भाताची लावणी ही कामे महाराष्ट्रात मुख्यतः बायका करतात. २०११च्या जनगणनेनुसार देशातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी २४ टक्के स्वतःच्या शेतीवर राबत होत्या आणि ४१ टक्के शेतमजूर होत्या. तरीही अशी बाई मरण पावते, तेव्हा सरकारी कागदावर ती शेतकरी म्हणून क्वचितच मरते. हे कसे घडते, ते समजून घ्यायला हवे.

सुरुवात सातबाऱ्यापासून होते. जमीन कोणाच्या नावावर आहे हे तो सांगतो, खुरपे कोणाच्या हातात आहे हे सांगत नाही. २०१५-१६च्या कृषी गणनेत वहितीदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होते. वडिलार्जित जमिनीत मुलींना समान वाटा महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि केंद्राने २००५मध्ये दिला. पण वाटणीच्या वेळी माहेर तुटू नये म्हणून कितीतरी बहिणी हक्कसोड पत्रावर सही करतात. सासरी नवरा हयात असेपर्यंत त्याच्या जमिनीवर बायकोचे नाव आपोआप लागत नाही. लागलेच तर बहुधा तो गेल्यावर, वारसनोंदीने.

याचा पहिला परिणाम कर्जावर होतो. पीककर्ज सातबारा पाहून मिळते. ज्या बाईच्या नावावर जमीन नाही, ती बियाण्यासाठी किंवा दवाखान्यासाठी पैसा उभा करते तो बचत गटातून, मायक्रोफायनान्स म्हणजे लघुकर्ज देणाऱ्या कंपनीकडून किंवा दागिना गहाण टाकून. पीक हंगामाला येते. हप्ता मात्र आठवड्याला किंवा महिन्याला भरावा लागतो. पाऊस लांबला की हे ओझे थेट तिच्या अंगावर येते, आणि बँकेच्या थकबाकीत त्याचा मागमूस नसतो.

आता मृत्यूच्या नोंदीकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आत्महत्यांची वर्गवारी व्यवसायानुसार करतो आणि मूळ माहिती पोलिसांकडून येते. २०२२मध्ये देशात ४८,१७२ स्त्रियांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी २५,३०९ गृहिणी म्हणून नोंदल्या गेल्या. शेतकरी स्त्रिया फक्त २०८ आणि शेतमजूर स्त्रिया ६११. गृहिणींमध्ये शहरातल्याही अनेक असणार, आणि घरातल्या जाचापायी गेलेल्याही. पण शेतीत राबणाऱ्या स्त्रियांची संख्या पाहता २०८ हा आकडा विश्वास बसावा असा नाही.

आकडा चुकला की मदतही चुकते. शेतकरी आत्महत्येनंतर राज्यात कुटुंबाला १ लाख रुपये मिळण्याची जी पद्धत रुजली, तिच्यात नापिकी, परतफेड न झालेले कर्ज आणि वसुलीचा तगादा या गोष्टी तपासल्या जातात. गटाचा हप्ता थकल्याने खचलेल्या बाईचा मृत्यू या चौकटीत बसवणे अवघड असते, आणि तिच्या मरणाचे कारण ‘घरगुती वाद’ एवढ्यावर मिटवले जाते. सर्पदंश, वीज, विहिरीत बुडणे अशा अपघातांसाठीच्या गोपीनाथ मुंडे योजनेत मात्र सातबाऱ्यावर नाव नसलेली कुटुंबातील एक व्यक्तीही धरली जाते. ही सुधारणा चांगली आहे, पण ‘एक’ ही मर्यादा सासू, सून आणि मुलगी तिघी शेतात असलेल्या घराला पुरत नाही.

उपाय सुचवले गेलेच नाहीत असे नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावले. पुढे शासनाने त्याच नावाची योजना आणली. तिच्यात नवऱ्याच्या अर्जावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावता येते. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकात जमीन नावावर नसलेल्या स्त्रीलाही ग्रामपंचायतीने शेतकरी असल्याचा दाखला द्यावा, अशी तरतूद होती. ते विधेयक मंजूर झाले नाही.

शेतकरी कोण हे जमिनीवरून नव्हे, कामावरून ठरले पाहिजे, असे आमचे मत आहे. पंचनामा करणाऱ्याने मृत स्त्री शेतात काय काम करत होती आणि तिच्या नावावर कोणते कर्ज होते, हे विचारणे बंधनकारक करावे. ग्रामपंचायतीच्या दाखल्याची तरतूद राज्याने स्वतःच करावी; त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि ज्यांच्या नावावर सातबारा आहे, त्या वाचकांनी पत्नीचे नाव लावण्याचा अर्ज तलाठ्याकडे द्यावा, याच हंगामात.