सेनापतीची दुसरी गोळी

सेनापतीची खरी कसोटी विजयात लागते की पराभवात, असा प्रश्न निघाला म्हणजे जनरल विल्यम स्लिम यांचे चरित्र डोळ्यांपुढे येते. मार्च १९४२ मध्ये त्यांच्याकडे ब्रह्मदेशातील फौजेची सूत्रे आली, ती जणू माघार घेण्यासाठीच. जपान्यांपुढे सुमारे नऊशे मैल हटत हटत ती थकलेली फौज मे महिन्यात इंफाळकडे पोचली.

ऑक्टोबर १९४३ मध्ये स्लिम चौदाव्या सेनेचे सेनापती झाले. या सेनेत बहुसंख्य जवान भारतीय होते. येथे त्यांना निराळाच शत्रू भेटला. त्या वर्षी एका जखमी सैनिकामागे सुमारे १२० सैनिक आजारी पडून पिछाडीला धाडावे लागत होते. त्यांत हिवतापाचा वाटा फार मोठा होता.

स्लिम यांनी आघाडीच्या निकटच उपचारांची सोय केली आणि मेपाक्रिनची गोळी रोज घेणे सक्तीचे केले. पुष्कळ शिपाई ती चुकवीत. परंतु सेनापतींनी बोल लावला तो अधिकाऱ्यांना. अचानक तपासणी होई आणि गोळी घेणारे ९५ टक्क्यांहून कमी आढळल्यास पलटणीच्या प्रमुखालाच पदावरून दूर केले जाई. तिघे जण गेले, तोच बाकीचे सावध झाले!

पुढे १९४४ मध्ये इंफाळ व कोहिमा येथे जपानी चढाई मोडली आणि ३ मे १९४५ रोजी रंगून हाती आले. नियम मोडला तर पहिला जाब थोरल्याला विचारावा, ही रीत रणांगणाप्रमाणे घरालाही शोभून दिसेल.