ओझे यंत्राचे, जबाबदारी कोणाची?

३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसविणारे अवाढव्य यंत्र कोसळले आणि २० जण मृत्युमुखी पडले. राज्य शासनाने मृतांच्या वारसांना ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली, चौकशीची घोषणा झाली. बरोबर तीन वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट २०२० रोजी, विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्यात ७० टनी क्रेन कोसळून ११ जण दगावले होते. ती क्रेन त्या वेळी नेहमीचे काम करीत नव्हती. तिची चाचणी चालू होती. चाचणी हीसुद्धा भार उचलण्याचीच एक क्रिया असते आणि तिलाही योजना लागते, हा या दुर्घटनेचा धडा आहे.

आपल्या कायद्याची दृष्टी प्रामुख्याने यंत्रावर खिळलेली राहिली. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २९ ने क्रेन, साखळ्या व दोर यांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी आवश्यक ठरविली आणि सुरक्षित मर्यादेपलीकडे भार उचलण्यास मनाई केली. बांधकामांसाठी १९९६ चा स्वतंत्र कायदा आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अशा एकूण १३ कायद्यांची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली आहे. या तरतुदींची आवश्यकता कोणीही नाकारणार नाही. परंतु तपासणीचा दाखला यंत्र धडधाकट आहे एवढेच सांगतो. आजच्या भारासाठी, या जागेवर ते पुरेसे आहे की नाही, हे तो सांगू शकत नाही.

हा भेद शब्दच्छलाचा नव्हे. ‘पन्नास टनी’ क्रेन सर्वत्र पन्नास टन उचलते, हा समजच मुळात चुकीचा आहे. ती क्षमता बूम आखूड आणि भार अगदी जवळ असतानाची असते. भार वीस मीटर दूर नेला की तीच क्रेन जेमतेम काही टन पेलते. शाळेत शिकविला जाणारा तरफेचा नियमच येथे लागू होतो. साखळीचे दोन पदर सरळ उभे असतील तर प्रत्येकावर निम्मा भार येतो. पण ते पसरून क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करू लागले, की प्रत्येक पदरावर संपूर्ण भाराइतका ताण पडतो. शिवाय क्रेनच्या पायांखालची जमीन कालचा भराव असेल, वारा वाढला असेल किंवा वर विजेच्या तारा असतील, तर निर्दोष यंत्रही घात करते. या साऱ्याचा हिशेब हुक खाली येण्यापूर्वी कागदावर मांडावा लागतो.

ब्रिटनने १९९८ च्या नियमांत नेमके हेच केले. यंत्राच्या तपासणीबरोबरच भार उचलण्याची प्रत्येक क्रिया सक्षम व्यक्तीने नियोजित केलेली असावी, तिच्यावर योग्य देखरेख असावी आणि ती सुरक्षितपणे पार पाडली जावी, असे बंधन तेथे मालकावर आहे.

यावर कंत्राटदारांचा आक्षेप ठरलेला असतो: क्रेनचे भाडे तासावर चालते, कागद रंगवायला सवड कोठून आणायची? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. नेहमीच्या साध्या कामासाठी एकदा केलेली योजना पुन्हा वापरता येते. अवजड वा अवघड कामासाठी मात्र स्वतंत्र विचारास पर्याय नाही. परंतु घाईची किंमत मोजतो कोण? भाडे देणारा नव्हे, तर हुकाजवळ उभा असलेला खलाशी. बहुधा परप्रांतातून आलेला, रोजावर काम करणारा हा माणूस साहेबाला ‘थांबा’ म्हणू शकत नाही.

म्हणून सार्वजनिक कामाच्या प्रत्येक निविदेत दोन अटी असाव्यात. अवजड भार उचलण्यापूर्वी लेखी योजना आणि तिच्याखाली जबाबदार अभियंत्याची सही असावी. आणि धोका दिसताच काम थांबविणाऱ्या चालकाची वा खलाशाची रोजी कापली जाऊ नये. अपघातानंतर जबाबदार कोण याचा शोध सुरू होतो. ते नाव भार उचलण्यापूर्वीच कागदावर असेल, तर तो शोध घेण्याची वेळ क्वचितच येईल.