पत कोणी ओळखायची?

दरवर्षी १९ जुलै जवळ आला की बँकांच्या मालकीचा जुना वाद पुन्हा उकरून काढला जातो. १९६९ साली त्या दिवशी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना त्या दिवसाचा गौरव करतात. मुक्त अर्थव्यवस्थेचे पुरस्कर्ते बँकांच्या अधोगतीची मोजणी तेथूनच सुरू करतात. २०२१ च्या अर्थसंकल्पात दोन सार्वजनिक बँकांच्या खाजगीकरणाचा संकल्प सोडण्यात आला, तेव्हा या वादाला नव्याने धार चढली. संकल्प पुढे रेंगाळला. वाद मात्र चालूच आहे. दोन्ही बाजू लघुउद्योजकाचा कैवार घेऊन बोलतात, हे या वादाचे वैशिष्ट्य होय. एका बाजूच्या मते सरकारी बँका गेल्या तर लहान कारखानदार उघड्यावर पडेल. दुसरीच्या मते त्या आहेत म्हणूनच तो उघड्यावर आहे. त्याची स्वतःची अडचण नेमकी कोणती, याची विचारपूस करण्यास मात्र दोघांनाही सवड नाही.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखादी बेताची फौंड्री डोळ्यांपुढे आणावी. कच्चे बीड, भंगार आणि वीज यांचे पैसे तिला रोख किंवा थोड्या दिवसांत द्यावे लागतात. कामगारांचा पगार महिन्याच्या महिन्याला चुकवावा लागतो. वाहनांच्या कारखान्याला पुरविलेल्या सुट्या भागांचे पैसे मात्र तीन-तीन, चार-चार महिने हाती येत नाहीत. मागणी आहे, भट्टी पेटलेली आहे, हिशेबात नफाही दिसतो. पण तिजोरीत पैसा नाही. ही मधली तोंडमिळवणी करण्यासाठी लागते ते खेळते भांडवल, आणि ते बँकेकडून मिळावे एवढीच फौंड्रीवाल्याची अपेक्षा असते.

हे भांडवल किती असावे याचा ठोकताळा नायक समितीने १९९२ मध्ये घालून दिला. अंदाजित वार्षिक उलाढालीच्या एक चतुर्थांश रक्कम खेळती लागते असे धरून त्यातील किमान वीस टक्के बँकेने व पाच टक्के उद्योजकाने घालावेत, असे त्याचे स्वरूप आहे. चार कोटींची उलाढाल असेल तर एक कोटी लागतील. ऐंशी लाख बँकेचे, वीस लाख मालकाचे. या हिशेबात पैसा तीन महिन्यांत फिरून येतो असे गृहीत आहे. तो साडेचार महिन्यांनी येऊ लागला की गरज दीड कोटीवर जाते आणि बँकेची मर्यादा ऐंशी लाखांवरच राहिली तर पन्नास लाखांची तूट पडते. ही तूट नातेवाइकांकडून, सोने गहाण ठेवून किंवा जबर व्याजाने पैसे देणाऱ्याकडून भरून काढली जाते. अशा वेळी फौंड्रीची वाढीव निकड खरी आहे की मालक बुडत्या धंद्यात पैसा ओतत आहे, हे पारखून निर्णय घेणारा माणूस बँकेत आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

सार्वजनिक बँकांनी काय केले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. जून १९६९ मध्ये देशभरात व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या. १९९१ पर्यंत त्यांची संख्या साठ हजारांच्या घरात गेली. त्यापूर्वी अनेक मोठ्या बँका उद्योगघराण्यांच्या वर्चस्वाखाली होत्या आणि ठेवी साऱ्यांच्या, कर्जे मात्र ओळखीच्यांना, असा प्रकार होता. अग्रक्रम क्षेत्राची कल्पना रुजली, त्याला चाळीस टक्के कर्ज देण्याचे बंधन आले आणि तालुक्याच्या गावातील वर्कशॉपवाला प्रथमच बँकेची पायरी चढला. आजही जेथे खाजगी बँकेची पाटी दिसत नाही तेथे सरकारी बँकेची शाखा असते, आणि तिचा व्याजदर सहसा कमी असतो.

परंतु पायरी चढलेल्या माणसाचे पुढे काय होते, याचे चित्र तितकेसे आशादायक नाही. अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनी एका सार्वजनिक बँकेच्या कर्जखात्यांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा बहुसंख्य खात्यांतील कर्जमर्यादा धंदा वाढो वा घटो, पुढच्या वर्षी तीच ठेवली जाते असे त्यांना आढळले. १९९८ मध्ये अग्रक्रमाच्या कर्जास पात्र ठरणाऱ्या उद्योगांची गुंतवणूकमर्यादा ६५ लाखांवरून तीन कोटींवर नेण्यात आली आणि २००० मध्ये ती एक कोटीवर आणली गेली. मधल्या काळात ज्या उद्योगांना जादा कर्ज मिळाले, त्यांनी केवळ जुनी देणी फेडली नाहीत. विक्री व नफा वाढविला. म्हणजे धंदा होता, कुवत होती, कर्ज तेवढे अपुरे होते.

अधिकारी असे का वागतात? ते आळशी आहेत म्हणून, हे उत्तर सोपे पण अन्यायाचे आहे. न दिलेल्या कर्जाबद्दल सरकारी बँकेत कोणाची चौकशी होत नाही. दिलेले कर्ज बुडाले तर होते. हेच दोन अभ्यासक व शॉन कोल यांना असे दिसले की, एखाद्या बँकेतील अधिकाऱ्यावर दक्षता आयोगामार्फत कारवाई सुरू झाली की त्या बँकेचे कर्जवाटप आखडते आणि हा परिणाम वर्षभराहूनही अधिक काळ टिकतो. महाराष्ट्राला याचे उदाहरण शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. जून २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी एका बांधकाम व्यावसायिकाच्या कर्जप्रकरणात एका सार्वजनिक बँकेच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनाच अटक केली. काही महिन्यांनी त्यांना त्यातून मुक्त करण्यासाठी पोलिसांनाच पावले उचलावी लागली. जिल्ह्याच्या गावातील शाखाधिकाऱ्याने त्यातून कोणता बोध घेतला असेल, हे सांगावयास नको.

याच सुमारास दुसरा अन्याय घडला. मार्च २०१८ मध्ये सार्वजनिक बँकांची थकीत कर्जे एकूण कर्जाच्या सुमारे साडेचौदा टक्क्यांवर गेली होती. पोलाद, वीज, रस्ते अशा मोठ्या प्रकल्पांच्या कर्जांचा त्यात मोठा हिस्सा होता. एकवीसपैकी अकरा सार्वजनिक बँकांवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. निर्बंध आवश्यक होते. पण हात आखडलेल्या बँकेच्या दारात मर्यादा वाढवून मागण्यासाठी उभा असलेला लहान कारखानदारही त्यात भरडला गेला.

ही पोकळी खाजगी बँकांनी भरून काढली. लघु व मध्यम उद्योगांच्या कर्जातील त्यांचा वाटा गेल्या दशकात वाढला, तो केवळ जाहिरातींच्या जोरावर नव्हे. वस्तू व सेवा कराची विवरणे, बँकखात्यातील उलाढाल, जुन्या कर्जफेडीचा इतिहास यांवरून त्या चटकन निर्णय देतात. ‘नाही’ म्हणावयाचे असले तरी लवकर म्हणतात, आणि धंदेवाल्याला लवकर मिळालेला नकारही सहा महिन्यांच्या हेलपाट्यांपेक्षा परवडतो.

तथापि या तत्परतेच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. मोठ्या रकमेचा विषय निघाला की धंद्याच्या कर्जाचे रूपांतर पुष्कळदा राहत्या घरावरच्या किंवा गाळ्यावरच्या कर्जात होते. म्हणजे पत धंद्याची नव्हे, मालमत्तेची जोखली जाते. ज्याच्या नावावर शहरात जागा नाही त्याचा कारखाना कितीही चांगला असो, तो मागे राहतो. चाळीस टक्क्यांचे बंधन खाजगी बँकांनाही आहे, आणि त्यात सूक्ष्म उद्योगांसाठी साडेसात टक्क्यांचे उपलक्ष्य आहे. पण २०१६ पासून ज्या बँकेने लक्ष्यापेक्षा अधिक कर्जे दिली तिच्याकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन दुसरीला आपले लक्ष्य पुरे झाल्याचे दाखविता येते. व्यवहार कायदेशीर आहे. परंतु प्रमाणपत्र विकत घेणाऱ्या बँकेला एकाही नव्या लोहाराशी किंवा विणकराशी ओळख करून घ्यावी लागत नाही. त्यातच माणसे टिकत नाहीत. निवडक खाजगी बँकांत नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे पंचवीस टक्के असल्याची चिंता रिझर्व्ह बँकेनेच २०२३-२४ च्या अहवालात व्यक्त केली आहे. ज्या अधिकाऱ्याला धंदा समजावून सांगितला तो वर्षअखेरीस दुसऱ्या बँकेत गेलेला असतो. सरकारी बँकेतला समजूतदार अधिकारी तीन वर्षांत बदली होऊन जातो. उद्योजकाच्या दृष्टीने दोहोंचा परिणाम एकच.

मालकीचा प्रश्न किती तोकडा आहे, हे २०२० साली दिसून आले. टाळेबंदीनंतर सरकारने लहान उद्योगांच्या जादा कर्जाला शंभर टक्के हमी दिली; प्रारंभी ही योजना तीन लाख कोटींची होती. हमी मिळताच सरकारी आणि खाजगी, दोन्ही बँकांनी हात मोकळा सोडला. जोखीम दुसऱ्याने उचलली की दोघीही उदार होतात, हा त्याचा अर्थ. त्याच वर्षी मार्चमध्ये येस बँक कोसळू लागली, ठेवीदारांवर पन्नास हजार रुपयांची मर्यादा आली आणि तिला सावरण्यासाठी स्टेट बँकेला पुढे व्हावे लागले. ‘खाजगी म्हणून सुरक्षित’ हा समज जसा भ्रामक, तसाच ‘सरकारी म्हणून गरिबाची’ हाही.

माणूस ओळखून कर्ज देणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. नागरी सहकारी बँकांचे बळ तेच होते. गावातील धंद्याची नाडी त्यांना कळत असे. पण ओळखीला शिस्तीची जोड राहिली नाही तेव्हा तिची वशिलेबाजी झाली आणि ठेवीदारांना त्याचे मोल द्यावे लागले. ओळख हवी आणि तपासणीही हवी. एकीचा बळी देऊन दुसरी साधण्याचा प्रयत्न तिन्ही प्रकारच्या बँकांत फसला आहे.

उद्योजकाच्या संगणकीय व्यवहारांच्या नोंदींवरून त्याची पत ठरविण्याची स्वतःची पद्धत सार्वजनिक बँकांनी उभारावी, असे २०२४ च्या अर्थसंकल्पाने सुचविले. पाऊल स्वागतार्ह आहे. लहान रकमांचा निर्णय त्यामुळे झटपट होईल आणि अधिकाऱ्याला आधारही मिळेल. मात्र कराच्या विवरणात विक्री दिसते. मोठ्या गिऱ्हाईकाने पैसे अडकविले म्हणून ओढाताण होत आहे की माल नाकारला गेला म्हणून, हे दिसत नाही. त्यासाठी कोणीतरी कारखान्यात पाऊल टाकलेच पाहिजे.

म्हणून सुधारणेचा रोख मालकीकडून शाखेकडे वळविला पाहिजे. औद्योगिक वसाहतीतील शाखाधिकाऱ्याला ठरावीक मर्यादेपर्यंत स्वतःच्या निर्णयाचा अधिकार द्यावा आणि त्याला किमान पाच वर्षे तेथे राहू द्यावे. प्रामाणिक चूक व लबाडी यांत भेद करण्यासाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये बदल झाला, पुढे पन्नास कोटींपर्यंतच्या थकीत खात्यांबाबत जबाबदारी ठरविण्याचे नवे नियम आले. ते कागदावर न राहता चौकशी अधिकाऱ्यांच्या वर्तनात उतरले पाहिजेत. लघु उद्योगांची तारणमुक्त कर्जे आता दहा कोटींपर्यंत हमी योजनेत बसतात. तरीही तारण मागणाऱ्या बँकेला त्याचे कारण लेखी देणे भाग पाडावे. सूक्ष्म उद्योगांचे लक्ष्य निव्वळ प्रमाणपत्रांवर किती भागवता येईल, यालाही मर्यादा हवी. आणि प्रत्येक बँकेने, मग ती कोणाचीही असो, लघुउद्योगांचे किती अर्ज आले, किती दिवसांत निकालात निघाले व किती नाकारले, हे दरवर्षी जाहीर करावे.

मात्र या सर्वांआधी मोठ्यांनी लहानांची देणी वेळेवर द्यावीत. पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावेत, नाहीतर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. पण ज्या कंपनीविरुद्ध दाद मागावयाची तीच उद्याची गिऱ्हाईक असल्याने फौंड्रीवाला गप्प बसतो. तो बँकेकडे कर्ज मागतो तेव्हा प्रत्यक्षात स्वतःच्याच अडकलेल्या पैशावर व्याज भरण्याची तयारी दाखवीत असतो. सरकारी खात्यांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या पुरवठादारांची बिले मुदतीत चुकती करून या बाबतीत पहिला धडा घालून द्यावा. त्यासाठी कोणत्याही बँकेचा मालक बदलण्याची आवश्यकता नाही.