लाकडात कोरलेला शजरा

आमच्या पहूरवरून रोज अजिंठ्याला पर्यटकांच्या गाड्या जातात. वारसा म्हटला की आपल्याला लेणी, किल्ले, जुन्या मशिदी आठवतात. मेळघाटातल्या कोरकूंचे मुंडे सहसा कुणाला आठवत नाहीत.

कोरकू समाजात मृताच्या नावाने सिडोलीचा विधी करतात आणि सागवानी मुंडा उभारतात. त्यावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार कोरलेले असतात. आपल्यातले काही जण ‘बुतपरस्ती’ म्हणून मान फिरवतील. श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी. पण मरहूम माणसांची याद आणि खानदानाचा धागा जपणे आपल्याला परके नाही. आपण शजरा कागदावर लिहितो, त्यांनी आपली याद लाकडात कोरली.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर त्सिमशियन आणि त्यांच्या भाषाकुळातले निस्गा लोक देवदाराचे उंच खांब कोरतात. त्यावरचे कावळा, लांडगा, गरुड हे देव नव्हेत, ती कुळांची चिन्हे, आपल्याकडच्या देवकासारखी. लढाईत पडलेल्या एका वीराच्या स्मरणार्थ १८६०च्या दशकात उभारलेला असाच एक ११ मीटरचा खांब १९२९ मध्ये मारियस बार्बो या संशोधकाने नेला आणि एडिंबराच्या संग्रहालयाला विकला. संमती दिली नव्हती, असे निस्गा सांगत राहिले. अखेर २०२३ मध्ये खांब नास नदीच्या खोऱ्यात परतला. संग्रहालयात तो नीट जपला गेला होता, हे खरे. पण तिथे तो कुणाचा आजा नव्हता, नुसती वस्तू होता.

मेळघाटात धोका वेगळा आहे. तिथे खांब जागेवर राहतो आणि माणसे हलवली जातात. व्याघ्र प्रकल्पातून उठणाऱ्या कुटुंबासाठी २००८ पासून १० लाखांचे पॅकेज होते, २०२१ मध्ये ते १५ लाख झाले. घर, शेत यांची किंमत अशी रुपयांत मांडता येते. मुंड्याची कशी मांडणार?

वाघ वाचायलाच हवेत. म्हणूनच गाव हलवण्याआधी मुंड्यांचे काय करायचे, हे ग्रामसभेने आणि त्या त्या घराण्याने ठरवावे. सोबत न्यायचे तर सरकारने खर्च द्यावा. तिथेच ठेवायचे तर वर्षातून एकदा तरी जाण्याची वाट मोकळी ठेवावी. संग्रहालयाला हवा असेल तर त्याने कारागिराला पैसे देऊन नवा कोरून घ्यावा.

हे मागणे आपल्याला समजायला जड नाही. उद्या आपल्या कब्रस्तानावरून रस्ता आखला, तर मोबदला किती हे आपण सर्वात आधी विचारू का?