शाफ्ट खोलण्याआधी एक रेघ मारा!
बोलेरो आपल्या नाशकात बनते, पण तिचा प्रोपेलर शाफ्ट खोलताना खूण करणारी गॅरेजं किती? शाफ्ट कारखान्यातून बॅलन्स होऊनच येतो. त्यावरची छोटी वजनं उगाच वेल्ड केलेली नसतात. म्हणून खोलण्याआधी फ्लँजवर आणि स्लिप जॉइंटच्या दोन्ही भागांवर रंगाची रेघ मारा, बसवताना रेघेला रेघ जुळवा. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत नसले की वेग वाढताच गाडी थरथरते. मग गिऱ्हाईक टायर बॅलन्सिंगवर पैसे घालतं, आणि खाली क्रॉस, बेअरिंग झिजत राहतं. २०२७ च्या सिंहस्थात हजारो गाड्या कसारा घाट चढतील. दोन मिनिटांचं काम आहे, राव. मेकॅनिकने रेघ मारावी. नाही मारली, तर आपण सांगून मारून घ्यावी.