भाताच्या जागी कण्या

वरवट बकालच्या शिवारात आज कपाशी आणि सोयाबीन दिसते, ज्वारी तुरळक. सातपुड्याच्या पायथ्याचा हा संग्रामपूर तालुका काही भाताचा मुलूख नव्हे. तरी रेशनच्या पिशवीतून तांदूळ घरोघरी आला आणि रोजचा झाला. त्याच्या जागी ज्वारीच्या कण्या आणाव्यात, असे माझे ठाम मत आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम पॉलिश केलेल्या तांदळात तंतू 2.8 ग्रॅम, तर ज्वारीत 10.2, लोह तांदळात 0.65 मिलिग्रॅम, ज्वारीत जवळपास 4. मधुमेही माणसाला आणि रक्त कमी असलेल्या बाईला हा फरक लहान नाही. मात्र पिष्ट ज्वारीतही भरपूर असते, म्हणून ताटभर कण्या खाऊन साखर आटोक्यात राहील, असे कुणी समजू नये.

कण्या शिजायला वेळ लागतो, ही तक्रार खरी आहे. पण जाडसर भरडून रात्री भिजत घातल्या की सकाळी लवकर मऊ होतात. ताक, मीठ, जिरे घातले की मुलेही खातात. अवघड प्रश्न शेतातला आहे. कणसे पाखरे खातात, धाटे रानडुकरे लोळवतात, मग शेतकरी ज्वारी पेरील कशाला? 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद आहेच. सरकारने हमीभावाने इथलीच ज्वारी घेऊन इथल्याच रेशन दुकानात नियमित द्यावी. कडबा गुरांना मिळेल, तो वेगळाच.