पाण्यात घडते, पाण्यातच विरते

उंब्रजवरून पाटणची वाट धरली की पुढे वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या लागतात. वारा सुटला तर वीज, पडला तर नाही. त्यामुळे वीज साठवण्याचा प्रश्न या भागाला पुस्तकी वाटायचे कारण नाही. त्याच्या एका उत्तराची तयारी शेजारच्या कोल्हापुरात आहे. प्रा. सी. डी. लोखंडे यांच्यासारख्या संशोधकांनी शिवाजी विद्यापीठात क्षारांच्या द्रावणात पट्टी बुडवून धातुसंयुगांचे पातळ थर चढवण्याची रीत रुजवली. तिला निर्वात यंत्र लागत नाही, महागडी भट्टीही नाही. बॅटरीत वीज साठवण्यासाठी वापरता येणारी धातूंची व्हॅनेडेटेही (व्हॅनेडियम आणि ऑक्सिजन असलेली संयुगे) अशीच पाण्यातून बनवता येतात. साधी महाविद्यालयेही हे करू शकतात, म्हणून सरकारने यासाठी पैसा द्यावाच. मात्र तो शोधनिबंध मोजून न देता पदार्थ पाण्यात किती टिकतो हे तपासून द्यावा.

पाण्यावरच एवढा भर का, हे प्रयोगाच्या टेबलावर दिसते. अमोनियम मेटाव्हॅनेडेटची पांढरी पूड गरम पाण्यात विरघळवून आम्ल घातले की द्रावण पिवळे-नारिंगी होते. ऑक्झॅलिक आम्ल टाकून तापवले तर ते हिरवे पडते, आणखी पुढे गेले तर निळे. पिवळा रंग पाच संयुजेच्या व्हॅनेडियमचा, निळा चार संयुजेच्या व्हॅनेडियमचा. हिरव्यात दोन्ही नांदतात. जस्त किंवा निकेलचा क्षार मिसळून असे द्रावण बंद पोलादी पात्रात 180 अंशांच्या आसपास तापवले, तर मिश्र संयुजेची, बहुधा काळपट संयुगे मिळू शकतात. त्यांत इलेक्ट्रॉन एका व्हॅनेडियमवरून शेजारच्यावर उडी मारतो, म्हणून वीज बरी वाहते. आम्लता जराशी हलली तरी हाती भलतेच संयुग येते. त्यामुळे चार आणि पाच यांचे नेमके प्रमाण न मोजता ‘मिश्र संयुजा’ म्हणणे म्हणजे नुसता अंदाज.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात लिंडा नाझर यांच्या गटाने 2016 मध्ये जस्तयुक्त व्हॅनेडियम ऑक्साइड वापरून पाण्यावर चालणारी बॅटरी दाखवली, तेव्हापासून या क्षेत्रात झुंबड उडाली. पण जे पाण्यात घडते ते पाण्यात विरतेही. व्हॅनेडियम हळूहळू द्रावणात उतरतो आणि बॅटरीची क्षमता घटते. जोरात विद्युतप्रवाह देऊन झटपट उरकलेल्या चार्ज-डिस्चार्जच्या हजारो आवर्तनांत हा दोष झाकला जातो. भारित बॅटरी काही आठवडे तशीच ठेवली की उघडा पडतो. ही कसोटी स्वस्त आहे, फक्त वेळ खाते, आणि निबंधांच्या घाईत वेळच कोणाकडे नसतो. मूलभूत संशोधनाला अशा अटी घालू नयेत, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. कुतूहलापोटी केलेल्या कामाला अट नकोच, पण प्रस्तावात ऊर्जासाठ्याचे नाव घेऊन पैसे मागितले असतील तर टिकाऊपणाचे आकडे द्यायला हवेत. लिथियम असताना हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाईल. वाहनासाठी हलके लिथियमच बरे. पठारावर एका जागी ठेवायच्या साठ्याला वजनाची अडचण नाही, आणि पाण्याचे विद्युतद्रावण पेट घेत नाही. खरा वजनदार आक्षेप विषारीपणाचा आहे. भांडी धुतलेले व्हॅनेडियमचे पाणी कुठे जाणार, याचा खर्च अनुदानातच धरावा लागेल. ते नदीत उतरले तर? उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते, आणि खाली कराड-सांगलीपर्यंतची गावे तेच पाणी पितात.